बोराएवढी भेदरं

"हे लाल लाल काय हाय वो?" परसात पाय धुता धुता रुख्मिणीबाईंनी विचारलं, आणि मंजुळाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

एकेचाळीसच्या हिवाळ्यात कनेरगावचे सोयरे मंजुळाबाईच्या मनकर्णेला बघायला आले होते. रुख्मिणीबाई मुलाची आई. घर माळकरी, कडक. त्यांच्यात टमाटं शिजत नसे. लाल रस पाहून मांसाची आठवण होते म्हणे! मंजुळाबाईनं सकाळपासून घर सारवून लख्ख केलं, आणि नेमकं परसातलं विसरली. काट्याच्या कुंपणाशी बोराएवढ्या भेदरांनी, म्हणजे गावठी टमाट्यांनी, झाड लगडलेलं. शेजारच्या खुर्शीदबीनं गोवरीवर वाळवलेलं बी दिलं होतं. दुपारी कुंपणाच्या दोन बाजूंना बसून दोघी ती भेदरं मीठ लावून खात आणि साऱ्या कळमनुरीची उणीदुणी काढत.

"भेदरं हायेत की ही!" रुख्मिणीबाईंनी नाक मुरडलं. "तुमी खाता?"

लेकीचं जमत आलेलं आता फिसकटणार, एवढंच मंजुळाबाईला दिसलं.

"आमी? न्हाई बाई! त्या पलीकडच्यांच्या कोंबड्या इकडं बिया टाकून जातात. कितीदा सांगावं! ऐकतच न्हाईत."

बोलून वळते तर कुंपणापलीकडं खुर्शीदबी उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं मंजुळाबाईला झालं.

खुर्शीदबीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "बराबर हाय, बाई. माझ्याच कोंबड्या. माफ करा, तुमाला तकलीफ झाली." काट्यांतून हात घालून तिनं झाड मुळासकट उपटलं आणि घेऊन गेली.

सुपारी फुटली. पाहुण्यांची बैलगाडी गेल्यावर मंजुळाबाई वाटीभर शिरा घेऊन खुर्शीदबीकडं गेली.

खुर्शीदबीनं ते झाड आपल्या अंगणात लावून काडीला बांधलं होतं. झाडानं मान टाकली होती. पाणी घालणाऱ्या तिच्या हातावर कोपरापर्यंत ओरखडे होते.

"मनकर्णेचं जमलं का गं?"

"व्हय... खुर्शीदबी, मी..."

"आसू दे. लेकीची माय दुसरं काय करंल?"

रिकामी वाटी परत करायची नाही, ही दोन्ही घरांची जुनी रीत. खुर्शीदबीनं शिरा काढून घेतला, वाटी धुतली आणि सवयीनं खाली गळालेली पिकली भेदरं तिच्यात भरली. मग थबकली. एकेक भेदर परत काढून तिनं बाजूला ठेवलं, आणि आतून गुळाचा खडा आणून वाटीत घातला.

"तुमच्यात चालत न्हाई न्हवं," ती हळू म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर मंजुळाबाईला सोसायला सोपं गेलं असतं.

'चालतं' हा शब्द तिच्या तोंडाशी आला होता. पण आज तो कुठल्या तोंडानं म्हणायचा? पदराखाली वाटी झाकून ती घरी आली.

मनकर्णा मीठ घेऊन परसदारी बसली होती. "माय, आज भेदरं न्हाई दिली मावशीनं?"

"न्हाई," मंजुळाबाई म्हणाली, आणि वाटी फडताळात मागं सरकवून चूल पेटवायला बसली.