एक चमचा पांढरा रंग परत नेण्याबाबत

माझ्या वहीच्या पानाला ‘सर्वांत सुंदर अपघात’ म्हणून पहिलं बक्षीस मिळालं. ते मला मान्य नाही. मी रविवारी सकाळी मावशीबरोबर वर्गाला गेलो, एवढंच खरं धरा.

वर्ग मिक्स्ड मीडिया जर्नलचा. म्हणजे वहीत रंग, कपटे, दोरे, बटणं, हाताला लागेल ते चिकटवायचं. वही मिटेनाशी झाली की कला झाली. मावशी नुसती सोबत म्हणून आली होती. तिची वही माझ्याआधी मिटेनाशी झाली.

तीन रविवार खपून मी एक निळं पान केलं होतं. त्या दिवशी मधोमध आजोबांची चिठ्ठी चिकटवली. आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, शिंपी. माझ्या शर्टाचं माप घेतलं आणि कापड बेतायच्या आत गेले. चिठ्ठीवर छाती, बाही, आणि खाली किरट्या अक्षरात: ‘उजवा खांदा उतरता. पोराला सांगू नये.’ माझ्याबद्दल त्यांनी लिहिलेलं एवढंच.

बाईंनी टाळी वाजवली. “वही उजवीकडे द्या! डोळे मिटा! शेजाऱ्याच्या पानावर एक सुंदर अपघात करा!”

अपघाताची वेळ ठरलेली होती. अकरा दहा.

माझ्या उजवीकडे मावशी. सांगितलेलं ऐकणारी. तिने डोळे गच्च मिटले आणि चमचाभर दाट पांढरा रंग थेट चिठ्ठीवर ओतला.

“मावशी!”

“काय रे? उघडू का डोळे?”

रंग ओला होता, पुसता आला असता. मी फडका उचलला. बाईंनी मनगट धरलं.

“पुसायचं नाही. रंग काय म्हणतोय ते ऐक.”

“रंग काही म्हणत नाहीये, बाई. आजोबा म्हणत होते. त्यांना मध्येच तोडलंत!”

“राग पानावर उतरव, बाळा.”

“मनगट सोडा, उतरवतो!”

सोडलं नाही. दुसऱ्या हाताने हेअर ड्रायर काढला आणि रंग दगड होईपर्यंत वाळवला. तेवढ्या वेळात मी जे बोललो ते या कागदाला झेपणार नाही.

खाली दोनच शब्द उरले: ‘सांगू नये.’

“किती गूढ!” बाई म्हणाल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मावशीनेही वाजवल्या. मग तिने चष्मा लावला.

“हे बाबांचं अक्षर आहे,” ती म्हणाली. “माझ्या बापावर रंग ओतायला डोळे मिटायला लावलेत मला?”

आणि तिने ड्रायरची पिन उपटली. उपयोग शून्य, पण उपटली.

प्रति,
वर्गप्रमुख बाई

महोदया,
सदर रंग अकरा दहापूर्वीच्या अवस्थेत, म्हणजे ओला, डबीत परत भरून घ्यावा व त्याखालील मजकूर वाचण्याजोगा करून मिळावा. बक्षीस सोबत परत जोडले आहे. कार्यवाही येत्या रविवारपूर्वी व्हावी, ही विनंती.

अर्जदार: उजवा खांदा उतरता
सहअर्जदार: शिंप्याची मुलगी (डोळे उघडे ठेवून सही केली आहे)