‘भिंत’ खेळाचा पहिला जोड

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा जोड आहे, पण दुकानात मिळतो तसला गुळगुळीत नाही. माझा जन्म बुटांच्या रिकाम्या खोक्यांतून झाला, आणि मला कापणारी कात्रीही बोथट होती. त्यामुळे माझा एक पत्ता दुसऱ्यासारखा नाही. सगळा घात झाला तो याच एका गोष्टीने.

मला एका बहिणीने आपल्या भावासाठी केलं. ती बुटांच्या दुकानात कामाला होती. तिचा दादा फुटबॉलचा गोलकीपर. त्याला चकवून गोल करणं इतकं अवघड की मैदानावर सगळे त्याला ‘भिंत’ म्हणायचे. मग एका सामन्यात त्याचा गुडघा असा मोडला की डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद करायला सांगितलं. तेव्हापासून तो दार लावून पडून राहू लागला. धड जेवेना, कोणाशी बोलेना. आईने तर हात टेकले होते.

तेव्हा बहिणीने मला कापलं आणि रंगीत पेनांनी रंगवलं. खेळ अगदी सोपा. मारणाऱ्याने हातातला एक पत्ता उपडा ठेवायचा. तो ‘डावीकडे’ असेल, ‘उजवीकडे’ असेल, ‘सरळ’, ‘उंच’ किंवा नुसती ‘हूल’. अडवणाऱ्याने तो उलटण्याआधी ओळखायचा. पहिल्यांदा दादा केवळ तिचं मन राखायला खेळला. हळूहळू त्याला गोडी लागली, आणि काही आठवड्यांत तो जवळपास प्रत्येक फटका अडवू लागला.

“पाय गेला, छोटे, पण अंदाज नाही गेला माझा,” तो एकदा म्हणाला. त्या दिवशी तो आपणहून सगळ्यांबरोबर जेवायला येऊन बसला.

घरात आनंद झाला, मला मात्र धडकी भरली. तो काय बघतो ते मला ठाऊक होतं. एका ‘उजवीकडे’चा कोपरा कात्री घसरून तिरका झाला होता. एका ‘हूल’च्या पाठीवर दादाच्याच गुडघ्याला लावायच्या तेलाचा डाग पडला होता. एका ‘सरळ’वर आई चुकून बसली, तो बिचारा नावालाच सरळ राहिला. प्रत्येकाचं काही ना काही होतंच. दादा लबाडी करत नव्हता हो. त्याची नजर आपसूक डागावर जायची आणि उत्तर तोंडावर यायचं. मधे काय घडलं ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. आईसुद्धा पुष्कळ फटके अडवायची. “रक्तातच आहे आपल्या,” दादा म्हणायचा आणि तिघं हसायची. पुठ्ठ्याला तोंड असतं तर मी त्याच वेळी ओरडलो असतो.

पुढे बहिणीच्या मनात आलं की खेळ छापून विकायला ठेवावा. खोक्यावर लिहायचं ठरलं, ‘भिंतीला चकवून दाखवा’. खेळाचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने जागा देऊ केली, पण एका अटीवर. पहिल्या दिवशी दादाने स्वतः टेबल मांडून बसायचं आणि येईल त्याच्याशी खेळायचं. दादाने कपाटातून जुनी जर्सी काढली आणि स्वतः इस्त्री केली.

छापखान्याच्या काकांनी मला दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं. “ह्या पाठी कसल्या मळक्या! सगळ्या एकसारख्या निळ्या करून देतो. बाजारात माल चकचकीत दिसला पाहिजे.”

“करा काका,” बहीण म्हणाली.

खेळाच्या दुकानातल्या त्या पहिल्या दिवशी मी तिच्या पर्समध्ये होतो. टेबलाभोवती बरीच गर्दी जमली होती. मोजे घ्यायला आलेल्या एका बाईंनी निळा पत्ता उपडा ठेवला. “डावीकडे,” दादा म्हणाला. निघाला ‘उंच’. लोक कौतुकाने हसले. मग एक आजोबा बसले, त्यांनीही गोल केला. मग आणखी कोणी. दादा पत्त्याच्या पाठीकडे टक लावून बघायचा, पण तिथे नुसता निळा रंग होता. त्याचा आवाज बारीक होत गेला. “अहो, भिंतीला भगदाड पडलं की!” कोणीतरी म्हणालं. दुकानदाराने हळूच टेबल आवरायला घेतलं.

घरी आल्यावर दादाने मला मागून घेतलं. जर्सी अजून अंगातच होती. त्याने माझे सगळे पत्ते उपडे मांडले आणि एकेक ओळखायला सुरुवात केली. “उंच. हूल. उजवीकडे.” बहिणीने टाळी वाजवली. “बघ, येतंय की तुला!” तो थांबला नाही. एकही पत्ता चुकला नाही. शेवटच्या पत्त्यापर्यंत तिची टाळी कधीच थांबली होती.

“अरे, पाठीवरून कळतातच की ते,” आई सहज म्हणाली. “मी तशीच तर खेळत होते. मला वाटलं, तुम्हीही तसंच खेळता.”

दादाने तेलाच्या डागावरून अंगठा फिरवला. मग तो उठला आणि खोलीत जाऊन त्याने आतून कडी लावली.

मित्रांनो, अशा वेळी आम्ही जुन्या वस्तू म्हणतो, आम्हाला जपा. मला तसं काही मागायचं नाही. मला उद्या रद्दीत घाला, माझी तक्रार नाही. घरी केलेली वस्तू बाजारात न्यायची असेल, तर आधी ती एखाद्या परक्याच्या हातात द्या. मायेच्या माणसांना खोट दिसत नाही. आणि एवढं करून कोणी हरलंच, तर त्याला एकटं सोडू नका. जपायचं असतं ते माणसाला.

बहीण दाराशी बसून आहे.

“दादा, खेळायचं नाही आपण. नुसतं बोल माझ्याशी.”

ती पुन्हा दार वाजवते आहे.