मूळ कागद जहाजावर

दप्तरदारांच्या घरात मूळ कागद हवा असेल तर आधी वहीत सही करावी लागे. चेष्टा नाही, खरोखरची वही होती. दोनशे पानी, लाल पाठीची, कपाटाच्या दाराला सुतळीने बांधलेली. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस तो. मूळ कागद जागचा हलायचा नाही, बाहेर जाईल ती नक्कल, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळं ऑफिसच घरी आणलं. किल्ली कमरेला. लेकीने कॉलेजात नाव घालताना स्वतःच्या मार्कशीटसाठी सही केली होती. बायकोने स्वतःच्या जन्मदाखल्यासाठी दोनदा केली होती. "माझ्या वडिलांनी मला यांच्या घरी पाठवताना सही घेतली नाही, तिथेच चुकलं," असं ती शेजारणींना सांगत असे, आणि दप्तरदार पेपरात तोंड खुपसून ऐकलंच नाही असं दाखवत.

तर असे हे दप्तरदार बायकोला घेऊन मोठ्या जहाजावरच्या सफरीला निघाले होते. हौस त्यांची नव्हे, लेकीची. सहा वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली ती गेलीच. तिकडे तिला मुलगा झाला, तो पाच वर्षांचा झाला, आणि आजीने त्याला पाहिलं ते फक्त फोनच्या काचेत. दप्तरदारांचा व्हिसा पहिल्याच खेपेला झाला, बायकोचा मात्र दोनदा नाकारला गेला. का, ते कुणी सांगेना. तिसऱ्या खेपेला मिळाला, तोही एकदाच आत जाता येईल असा आणि महिनाअखेरपर्यंतचा. लेकीने लगेच या सफरीची तिकिटं काढून दिली, कारण जहाजाचं शेवटचं बंदर तिच्याच गावाचं होतं. रविवारी सकाळी ती मुलाला घेऊन धक्क्यावर उभी राहणार होती. बायकोच्या पासपोर्टातलं ते एक चिकटवलेलं पान म्हणजे तिचा नातू होता, आणि हे ती रोज रात्री झोपताना बोलून दाखवायची.

गुरुवारी मधलं बंदर आलं. उतरून दिवसभर गाव पाहायचं आणि चारच्या आत परत यायचं. सकाळपासून नवराबायकोचं वाजलं.

"पासपोर्ट माझ्या पर्समध्ये राहू द्या," बायको म्हणाली. "परमुलूख आहे. कुणी विचारलं तर काय दाखवायचं?"

"झेरॉक्स दाखवायची. आणि पर्स मारली म्हणजे? गेला तुझा व्हिसा!"

"आणि जहाज सुटलं म्हणजे?"

"मी असताना जहाज सुटेल? चौतीस वर्षांत एक दिवस लेटमार्क नाही माझा."

शेवटी दोघं खाली चौकशीच्या खिडकीपाशी गेली. तिथल्या बाईने हसून सांगितलं, "पासपोर्ट केबिनमधल्या तिजोरीत ठेवा आणि झेरॉक्स सोबत न्या. इथे एवढं पुरतं. समजा कुणी मागे राहिलंच, तर आम्ही तिजोरी उघडून त्यांचे पासपोर्ट बंदरावरच्या आमच्या एजंटकडे देऊन जातो. काळजी नको."

बायकोच्या जिवात जीव आला. दप्तरदार मात्र तडक केबिनकडे निघाले. केबिनमध्ये येऊन त्यांनी दार लावलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ऐकलंस? यांना तिजोरी उघडता येते!"

"अहो, ते आपल्याच सोयीसाठी..."

"ज्या कुलपाची दुसरी किल्ली आहे ते कुलूपच नव्हे." झालं. त्यांनी पासपोर्टांच्या झेरॉक्सचा एक संच खिशात टाकला, दुसरा एका पाकिटात घातला, पाकीट डिंकाने बंद केलं, जोडावर सही ठोकली, वर इंग्रजीत ठळक 'पासपोर्ट' असं लिहिलं आणि ते तिजोरीत ठेवलं. चोर आलाच तर ते घेऊन जाईल. आणि मूळ पासपोर्ट? ते एका लोकरी मोज्यात गेले, मोजा प्लास्टिकच्या पिशवीत गेला, आणि दप्तरदार स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीवरच्या लाइफ जॅकेटात तो कोंबू लागले. तेवढ्यात भोंग्यावर सूचना झाली, की जहाजाचं घड्याळ गावाच्या घड्याळापेक्षा तासभर पुढे आहे, सगळ्यांनी जहाजाचीच वेळ पाळावी. बायकोने मान वर करून सांगितलं, "ऐकताय ना?" दप्तरदारांचं डोकं त्या वेळी लाइफ जॅकेटात होतं. "हं हं," ते म्हणाले.

गाव छान होतं. चढाचे दगडी रस्ते, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, एक बाग, बागेत सावलीचं बाक. बायकोने नातवासाठी खेळण्यातलं एक लाकडी गलबत घेतलं, ते दप्तरदारांच्या काखेत आलं. मग बायकोने मनगट पाहिलं. "अहो, चला. सव्वातीन झाले."

दप्तरदारांनी समोर बोट दाखवलं. नगरपालिकेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते. "तुझं घड्याळ पुढे गेलंय."

"जहाजाची वेळ वेगळी आहे म्हणाले ना सकाळी?"

"सरकारी घड्याळ आहे ते. मनोऱ्यावर बसवलंय, उगीच नाही. फोन बघ माझा, तोही तेच सांगतोय." फोनने बंदरात शिरल्या शिरल्या गुपचूप गावची वेळ धरली होती, हे त्याने दप्तरदारांना विचारून थोडंच केलं होतं? बायकोला स्वतःच्याच घड्याळाची शंका आली, मागे एकदा ते बंद पडलं होतं. दोघं आणखी अर्धा तास बाकावर बसली. वाटेत थंड सरबत प्याली. मनोऱ्याच्या हिशेबाने चाळीस मिनिटं हातात ठेवून रमतगमत धक्क्यावर आली.

धक्का मोकळा होता. जिथे सकाळी सात मजली पांढरी भिंत उभी होती तिथे आता नुसतं पाणी होतं, आणि जहाज बंधाऱ्याच्या टोकाला वळत होतं.

दप्तरदारांच्या काखेतलं गलबत खाली पडलं. बायकोने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, पण ती फक्त जहाजाकडे बघत राहिली आणि तिच्या ओठांची हालचाल दिसली. रविवार, असं काहीसं ती म्हणत होती.

एवढ्यात एक टक्कल पडलेला, घामेजलेला गृहस्थ पळत आला. तो बंदराचा एजंट. "तुम्हीच ना मागे राहिलेले दोघं? अहो, किती पुकारलं तुम्हाला! असू द्या, घाबरू नका. तुमच्या तिजोरीतले पासपोर्ट जहाजाने माझ्याकडे दिलेत. उद्या दुपारच्या विमानाने पुढच्या बंदराला जा, जहाज परवा सकाळी तिथे येतंय. पासपोर्ट आहेत म्हणजे सगळं आहे." आणि त्याने खिशातून ते पाकीट काढलं. डिंकाने बंद केलेलं, जोडावर झोकदार सही असलेलं.

बायकोने देवाचं नाव घेतलं. दप्तरदारांनी डोळे मिटले.

"अगं," ते म्हणाले, "यात झेरॉक्स आहेत."

एजंटाने पाकीट फाडलं. आत बघितलं. मग दप्तरदारांकडे बघितलं. असा माणूस त्याने पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "यावर विमानात कोण घेणार तुम्हाला? मूळ कुठेत?"

"जहाजावर. सुरक्षित आहेत," दप्तरदार पुटपुटले, आणि 'सुरक्षित' हा शब्द उच्चारताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

एजंट मात्र कामाचा निघाला. बंदरातून जहाज बाहेर काढायला इथला एक वाटाड्या पायलट त्यावर चढलेला असतो, आणि खोल पाणी आलं की तो लहान बोटीत उतरून परत येतो. "अजून तो वरच आहे. दहा-पंधरा मिनिटांत उतरेल. त्याच्या हाती पासपोर्ट पडले तर पडले." त्याने फोन लावून मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडे चौकशीच्या खिडकीतली तीच बाई, आणि केबिनमध्ये पोचलेला सफाईवाला.

"सांगा कुठे ठेवलेत."

दप्तरदारांनी घसा साफ केला. धक्क्यावरचे दोन हमाल आणि एक पोलीस कान देऊन उभे होते. "कपाटात. वरच्या फळीवर. लाइफ जॅकेट आहेत दोन. डावीकडच्याच्या आत. पिशवी आहे. पिशवीत मोजा आहे. मोज्यात."

"मोज्यात?" बाईचा आवाज आला.

"लोकरीच्या," दप्तरदार म्हणाले. पोलीस तोंड फिरवून हसला.

खुडबुड ऐकू आली. मग सफाईवाला म्हणाला, "डाव्या जॅकेटात काही नाही."

"असं कसं होईल? नीट बघा! मी स्वतः..." दप्तरदार फोनवर ओरडले. चौतीस वर्षांत एक फाइल हरवली नव्हती त्यांच्याकडून, आणि आज बायकोचा नातू हरवत होता. पाच मिनिटं गेली होती. "मीच ठेवले होते हो," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "मला नक्की आठवतंय..."

"तुम्हाला काही आठवत नाहीये," बायको म्हणाली. ती फोनजवळ सरकली. "हे स्टुलावरून खाली उतरले, दाराची कडी पाहिली आणि परत चढले. दुसऱ्यांदा चढले तेव्हा यांचा हात उजवीकडे गेला होता. उजवीकडचं बघा, बाळा. गळपट्टीच्या मागे, जिथे शिट्टी लटकवलेली असते."

खुडबुड. मग सफाईवाल्याचा आनंदाने चढलेला आवाज, "मिळाला! मोजा मिळाला!"

हमालांनी टाळ्या वाजवल्या. दप्तरदार गलबताशेजारी धक्क्यावर मटकन खाली बसले, आणि हसू की रडू हे न कळून दोन्ही करू लागले.

लहान बोट तीन वाजून पन्नास मिनिटांनी आली. हे मनोऱ्याच्या घड्याळाने. नारिंगी कपड्यांतला दणकट पायलट उतरला आणि त्याने जाकिटाच्या आतून पिशवी काढली. पासपोर्ट काढत बसायला कुणाला वेळच झाला नव्हता, त्याने आख्खा मोजाच आणला होता. एजंटाने पावती पुढे केली. दप्तरदारांनी सही केली, सवयीप्रमाणे तारीख घातली, वेळ घालताना मात्र जरा थांबले आणि बायकोच्या मनगटावर बघून घातली.

मग त्यांनी मोजा उलटा केला. पहिल्यांदा बायकोचा पासपोर्ट उघडला. व्हिसाचं पान कोरडं, नीट, जागच्या जागी. दोन्ही पासपोर्ट एकावर एक ठेवले आणि तिच्यापुढे धरले.

तिने लगेच घेतले नाहीत. "वही घरी राहिली. सही कशावर करू?"

"सही नको," दप्तरदार म्हणाले. "घे तू. आणि घरच्या कपाटाची किल्लीही तूच ठेव."

तिने पर्स उघडली, पासपोर्ट आतल्या कप्प्यात घातले, चेन लावली आणि पर्स काखेत दाबून धरली. तिचे डोळे आत्ता कुठे भरून आले.

एजंटाच्या ऑफिसात चहा आला. राहायची सोय झाली, विमानाची झाली. तेवढ्यात लेकीचा फोन. सफर ठरल्यापासून ती रोज याच सुमाराला एकच प्रश्न विचारायची, आणि आईकडून तिला एकच उत्तर मिळायचं, तुझ्या बाबांना विचार.

"आई, रविवारी येताय ना? पासपोर्ट नीट आहे ना गं?"

दप्तरदारांनी कप खाली ठेवला.

"आहे की," बायको म्हणाली. "माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे? बाबांना बरं नाहीये का?"

"बरे आहेत," तिने नवऱ्याकडे बघितलं, "आता चांगले बरे आहेत."