फितीसाठी थांबलेली गाडी

उद्या मतदान, म्हणून गोमाजी चिठ्ठ्या वाटत तळ्याकाठच्या ढिवर मोहल्ल्यात शिरला. रेवताबाईच्या दारात पोचल्यावर त्याला दिसलं, तिच्या चिठ्ठीखाली धनीरामचीही चिठ्ठी आहे. धनीराम तिचा नवरा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. यादीतून मात्र त्याला कुणी काढलं नव्हतं. सरकारला माणूस मेल्याचं उशिरा कळतं, पक्षाला तर कळतच नाही.

गोमाजी पक्षाचा बूथप्रमुख. पंधरा वर्षं सतरंज्या उचलल्या, तेव्हा कुठं हे पद मिळालेलं. त्या एप्रिलात पक्षानं गावाला रुग्णवाहिका दिली, चावी त्याच्या हाती ठेवली आणि निरोप धाडला: साहेब येऊन फीत कापतील, मगच गाडी हलवायची, फोटोत गाडी कोरी दिसली पाहिजे. फुगे लावलेली गाडी दोन दिवस शाळेसमोर उभी होती. धनीरामला धाप लागल्याचं दुसऱ्या दुपारी गोमाजीच्या कानावर आलं. त्यानं तालुक्याला फोन लावला, तिकडून ‘उद्या’ आलं, आणि हा शहाणा चावी खिशात घालून जेवायला घरी गेला.

संध्याकाळी धनीरामला फटफटीवर दोघांच्या मधे बसवून तुमसरच्या दवाखान्याकडे नेलं. तो वाटेतच गेला. सकाळी साहेबांनी फीत कापली, टाळ्या घेतल्या. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच!

साहेब पुढं मोठे झाले. पक्षात कुणी कुणाला जाब विचारला नाही. पण रेवताबाई एक दिवस विचारणारच, या धास्तीनं गोमाजी या मोहल्ल्यातल्या चिठ्ठ्या नेहमी दुसऱ्याकडून वाटवायचा. आज तो दुसरा तापानं पडला होता.

रेवताबाई दारात जाळं सांधत बसली होती. तिनं उठून खाट टाकली, पाण्याचा गडवा पुढं केला. शिव्या दिल्या असत्या तर गोमाजीनं मान खाली घालून ऐकल्या असत्या. गडवा त्यानं तसाच खाली ठेवला.

“वहिनी, गाडी दोन दिवस आदीच आली होती,” तो बोलून गेला. “चाबी माया खिशात होती.”

“मालूम हाये, भाऊ.” तिनं पुन्हा जाळं हाती घेतलं. “शाळेसमोरच तं उभी होती. तिच्यावरचा हार मीच ओवला होता.”

गोमाजीला वाटलं, धरती फाटावी आणि आपण आत जावं. “मंग मले कधी इचारलं काहून नाही?”

“तुमाले इचारलं असतं, तं पुढच्या बीमारीत माया लेकरायसाठी चाबी कोनं देली असती?”

ती चिडली नव्हती. बाजारात मासळीचा भाव सांगावा तसं तिनं ते सांगितलं. मग आपली चिठ्ठी उचलून पदराच्या गाठीत बांधली.

“बटन तेच ना, भाऊ? तुमच्या पार्टीचं?”

धनीरामची चिठ्ठी गोमाजीच्या मुठीत घामानं भिजली होती. इतकी वर्षं तो दारोदार हेच सांगत फिरला होता. आज शरमेनं त्याच्या तोंडून ‘हो’ निघेना.