शीतळा सप्तमीला भिजलेला ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. जुना म्हटलं की लोक चुकचुकतात. उगाच चुकचुकू नका. अजूनही माझ्यावर काठी पडली की चार शेतांपलीकडचा माणूस हातातलं काम टाकून फेटा बांधायला घेतो.

माझं गाव मारवाडात, बालोतऱ्याच्या बाजूला. मला वाजवतो तो लुंभाराम, त्याच्या आजोबांनी मला घडवलं. आंब्याचं लाकूड आतून कोरायला त्यांना अख्खा हिवाळा लागला. दोन्ही तोंडांना बोकडाचं कातडं आहे, एकीकडे काठी पडते आणि दुसरीकडे तळहात. लुंभारामच्या घराण्याचं कामच हे. लग्नात वाजवायचं, बाळ जन्मलं की वाजवायचं, आणि होळीनंतर गेर नाचवायची. गेरला गावचे पुरुष पायघोळ घेरदार आंगी घालतात, पायांत घुंगरं बांधतात आणि हातातल्या काठ्या एकमेकांच्या काठ्यांवर मारत गोल फिरतात. त्या गोलाच्या मधोमध मी असतो. ती जागा माझी आहे, आणि तीच एकदा जाता जाता राहिली.

त्याआधी मी वाईट दिवसही पाहिले. लुंभाराम पाच वर्षं सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेला होता, तेव्हा मी खुंटीला लटकून होतो. उंदरांनी माझ्या दोऱ्या कुरतडल्या. कुणी हात म्हणून लावला नाही. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू? तो परत आला तेव्हा पाणीही न पिता त्याने आधी मला खाली काढलं. त्याची बायको हंजा दारात उभी होती. ती म्हणाली, "पाच वर्षं वाट मी पाहिली, आणि मिठी ढोलाला काय?" लुंभाराम असा लाजला की काही विचारू नका.

आता त्या सप्तमीची गोष्ट ऐका.

होळीनंतर सातव्या दिवशी आमच्याकडे देवीच्या रोगापासून राखणाऱ्या शीतळामातेची जत्रा भरते. त्या दिवशी कुणाच्याही घरी चूल पेटत नाही. विडीसुद्धा कुणी ओढत नाही. आदल्या दिवशीचा दहीभात, पुऱ्या आणि सांगरीच्या शेंगांची भाजी थंडच खायची. सकाळी बायका चुलीवर पाणी आणि दही शिंपडून तिला शांत करतात. लुंभारामची आई पेंपो या बाबतीत फार कडक. लुंभा लहान असताना त्याला देवी आल्या होत्या आणि तो मरता मरता वाचला. त्याच्या गालांवर अजून वण आहेत. तेव्हापासून शीतळामाता म्हणजे पेंपोचा जीव की प्राण.

त्या सकाळी म्हातारीने चूल गार केली, जातं गार केलं, उंबरा गार केला. मग तिची नजर माझ्यावर गेली. "अगं बाई, हा तर वर्षभर आगीवर शेकला जातो," ती पुटपुटली. "याच्या अंगाची आग कोण शांत करणार?" आणि तिने अख्खा तांब्या माझ्या दोन्ही तोंडांवर ओतला. वर दह्याचं बोटही लावलं.

मला छान वाटलं हो! उन्हाळ्याच्या तोंडाला गार पाणी कुणाला नको असतं? पण कातडं भिजलं की सैल पडतं, हे मीही त्या क्षणी विसरलो.

लुंभारामने जत्रेला निघण्यापूर्वी मला थाप मारली. आवाज आला, थप. उशीवर मारल्यासारखा.

"मा, हे काय केलंस?"

"पुण्य केलं," पेंपो म्हणाली.

एरवी अशा वेळी वाळल्या गवताचा जाळ करून मला शेकवतात, की दहा मिनिटांत कातडं ताठ. पण त्या दिवशी जाळ करायचा कसा? लुंभाराम मला तसाच खांद्यावर टाकून मैदानात आला. आमच्या गेरचा म्होरक्या होता केसाराम चौधरी. त्याने मला दोन बोटांनी वाजवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"लुंभा, हा ढोल आहे की ओली गोधडी? बारा गावांच्या गेरी आल्यात. परदेशातून पाहुणे आलेत. दुपारी आपली पाळी आहे."

"वाळेल, चौधरी."

"नाही वाळला तर मी स्पीकरच्या पेटीवर गाणं लावतो. मोठा आवाज असलेली पेटी मागवून ठेवली आहे. आणि एकदा पेटी लागली की दर वर्षी पेटीच. मग घरी बस आणि ढोलात बाजरी भर."

लुंभारामने माझी दोरी मुठीत घट्ट धरली. मी चांगलाच घाबरलो. बाजरी भरण्यात वाईट काही नाही, मित्रांनो, पण ज्याला बोलता येतं त्याने कोठी होऊन बसायचं?

एक पाहुणा हे सगळं पाहत होता. मनाने चांगला माणूस. त्याने खिशातून लायटर काढून पुढे धरला. लुंभारामने त्या लायटरकडे पाहिलं. चौधरीने झटकन तोंड फिरवलं आणि म्हणाला, "मी काही पाहिलं नाही बुवा."

पेंपो मध्ये येऊन उभी राहिली. "चूक माझी, लुंभा. पण आज काडी पेटवू नकोस. तुझा चेहरा आरशात बघ आणि मग ठरव."

लुंभारामने पाहुण्याला हात जोडले. लायटर परत खिशात गेला.

तेवढ्यात हंजा पुढे झाली. "तुम्ही मायलेक भांडत बसा. या वाळूवर मी पापड वाळवते, मग ढोल का नाही वाळणार?" तिने मला टेकडीमागे नेलं, माझ्या तोंडावर कोरडं फडकं अंथरलं आणि त्यावर उन्हाने तापलेली वाळू पसरली. वाळू ओल ओढून घ्यायची. ती टाकून दुसरी, मग तिसरी. एक तोंड झालं की दुसरं.

"चालेल ना, सासूबाई?"

"सूर्याला कुणी काडी लावली नाही," पेंपो म्हणाली आणि स्वतःच ओढणीत वाळू भरून आणू लागली. जोडे तिने देवळाशी काढले होते, ते आणायलाही ती गेली नाही.

पण आमची पाळी आली तेव्हा माझं एक तोंड अजून दमट होतं. तिकडे पेटी सुरू झाली. आवाज प्रचंड होता, पण पेटीला डोळे नाहीत! कुणाचा पाय अडखळला, कुणाला धाप लागली, तिला काय कळणार? पाहुण्यांसाठी निवडलेलं ते गाणं भरधाव सुटलं. केसारामचा गुडघा दुखरा. त्याची काठी चुकली, मागच्याची त्याच्या खांद्यावर बसली, आणि गोल विस्कटला. लोक हसायला लागले.

लुंभारामने माझ्या दोऱ्या खचकन ओढल्या, गळ्यात मला अडकवलं आणि तो धावतच गोलात शिरला. मी बोललो. धडाम! पेटीच्याही वर बोललो. लुंभारामच्या धाकट्या भावाने साथीची थाळी ठणठणवली. कुणीतरी पेटीची तार उपटली. लुंभारामची नजर केसारामच्या गुडघ्यावर होती. आधी आम्ही सावकाश गेलो, पाय जमू दिले, काठ्या एकमेकींना भेटू दिल्या. मग हळूहळू वेग चढवला. आंग्या छत्रीसारख्या फुलल्या. हसणारे लोक आता शिट्ट्या मारत होते. सांगतो, तसा मी उभ्या आयुष्यात वाजलो नव्हतो!

नाच संपल्यावर चौधरी घाम पुसत आला. पेटीकडे त्याने पाहिलंही नाही.

"लुंभा, पुढच्या वर्षी ढोल आदल्या दिवशीच माझ्या घरी आणून ठेव."

"का हो, चौधरी?"

"तुझ्या आईचा काही भरवसा नाही."

सगळे खो खो हसले. पेंपोसुद्धा हसली, पण जागची हलली नाही. तेव्हा हंजाचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. तापल्या वाळूने तळव्यांना टरटरून फोड आले होते. लुंभाराम जमिनीवरच बसला, आईचे पाय मांडीवर घेतले आणि त्यांच्यावर घड्यातलं गार पाणी ओतू लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, एखाद्या गोष्टीवर जीव असेल तर तिला काय सोसतं आणि काय नाही, ते आधी समजून घ्या. जुन्या वस्तूला हात लावा, वाजवा, तिच्याकडून काम घ्या. एवढंच माझं मागणं आहे. आमच्या पेंपोला ते त्या दिवशी पुरतं कळलं होतं. पाय लुंभाच्या मांडीवर असतानाच ती ओरडली, "अरे, जरा तिकडे ओत! ढोलावर शिंतोडे उडतायत!"