पेलाभर दुधाहून अधिक

लीलाधरने अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तोच वच्छलाबाईंनी, त्याच्या बहिणीच्या सासूबाईंनी, नातीला उचलून त्याच्यापुढे ओसरीवर बसवले.

"देख भाऊ, तुनी भाची कितली भरी गई शे! गावमा अशी एक पोर दखाड."

सुंदरी दोन वर्षांची होती. चेहरा गोल, इतका गोल की डोळ्यांच्या जागी दोन चिरा उरल्या होत्या. पावले तुकतुकीत, फुगीर. दंड मात्र काडीसारखे. मामाला पाहून ती हसली नाही, रडलीही नाही. अंगणात पसरलेल्या पांढऱ्याफटक उन्हाकडे ती पाहत राहिली. जणू त्या उन्हाने तिला काही विचारले होते आणि उत्तर देण्याचे त्राण तिच्यात नव्हते.

गेल्या वर्षी, बहात्तर साली, पाऊस खानदेशाला नुसते तोंड दाखवून गेला होता. शिंदखेड्याजवळच्या या गावातली निम्मी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. बहिणीचा नवरा मगनही त्यांच्यातच होता. चारा संपला तशी घरची म्हैस बाजारात गेली. त्या दिवशी बहिणीने, कुंदाबाईने, डोळ्यांतून टिपूस काढले नाही, कारण घरात भावाचा डबा होता.

जळगावला, मेहरूणच्या बाजूला, नेमीचंदशेठच्या बिस्किटांच्या कारखान्यात लीलाधर रसायनशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागला होता. चॉकलेटचा मुलामा दिलेली वेफर बिस्किटे तिथे होत. मोडकी निघत ती कामगारांना फुकट. छपाई बिघडलेली वेष्टणे तळाशी अंथरून लीलाधर त्यांचा डबा भरायचा आणि दर पंधरा दिवसांनी ओळखीच्या कंडक्टरबरोबर भाचीला धाडायचा.

कुंदाबाई चहा घेऊन आली. "काळाच आहे हं. दोन महिने झाले, दुधाचं तोंड पाहिलं नाही आम्ही. पण हिला काय कमी आहे?" तिने कणगीकडे बोट केले. कणगीवर एक वेष्टण खळीने चिकटवलेले होते. शाळेत कविता म्हणायची त्या सुरात तिने ते वाचून दाखवले, "एका पुड्यात पेलाभर दुधाहून अधिक उष्मांक!"

"अक्का, हिला बाकी काय देतेस?"

"बाकी कशाला? गरम पाण्यात बिस्किटं कालवते, तीन वेळा. आम्ही भाकर खातो, ही राणीसाहेब खीर खाते. उगीच कोरड्या भाकरीनं पोट कशाला भरायचं पोरीचं?"

लीलाधरने चहाचा कप खाली ठेवला. ती ओळ त्याची होती.

शेठनी त्याला पुड्याचा पोषणतक्ता करायला सांगितला होता. त्याने ग्रंथालयातून आहारशास्त्राचे जाडजूड पुस्तक आणले आणि रात्रंदिवस बेरजा केल्या. पन्नास ग्रॅमचा पुडा: उष्मांक दोनशे पंचावन्न, बहुतेक साखरेचे आणि वनस्पती तुपाचे; प्रथिने तीन ग्रॅम. पेलाभर म्हशीचे दूध: उष्मांक दोनशे चौतीस, प्रथिने साडेआठ. शेठ तक्ता पाहून म्हणाले होते, "लीलाधरजी, जागा बोटभर अन् तुमची बाराखडी हातभर! एकच ओळ द्या. निवडा तुम्हीच, शिकलेले आहात." त्याने निवडली. ओळ खरी होती. तिच्या खालची, प्रथिनांची ओळ त्याने आपल्या हाताने खोडली होती.

आणि त्याच पुस्तकात एक पान होते, प्रथिने न मिळालेल्या मुलांच्या आजाराचे. त्यावर एका मुलाचे छायाचित्र. गोल चेहरा, चिरांसारखे डोळे, मक्याच्या कणसाच्या मिशांसारखे तांबूस, विरळ केस. ते पान त्याने उलटले होते, कारण त्यात त्याच्या कामाचा आकडा नव्हता.

आता त्याने सुंदरीच्या केसांकडे पाहिले आणि पाहिले नसते तर बरे, असे त्याला वाटले.

तिच्या पावलावर त्याने अंगठा टेकवला. दाबला. उचलला. खळगा तसाच राहिला. ओल्या मातीत पाऊल उमटावे तसा. तो भरून येईल म्हणून लीलाधर श्वास धरून बसला. मनातल्या मनात दहा आकडे झाले, खळगा होता. 

"अक्का, उठ. धुळ्याला जायचं. सरकारी दवाखान्यात, आत्ताच्या गाडीनं."

"दवाखानामा कसाले?" वच्छलाबाई कडाडल्या. "भरेल पोरले नजर लागी जाई! कारखानामा राहीसन डोकं फिरनं का तुनं?"

"मावशी, ही भरलेली नाही. हे अंगात पाणी साचलंय."

"हो का! डॉक्टर व्हयना तू?"

कुंदाबाई हसू पाहत होती. "अरे, वेष्टणावरच लिहिलंय ना तुझ्या…"

"ते मी लिहिलं."



"ती ओळ मी लिहिली, अक्का. दुधात जे अंग बांधतं, ते बिस्किटात नसल्यासारखंच आहे. तेही लिहिलं होतं. मग खोडलं."

कुंदाबाईने पोरीला जवळ ओढले. "तुला ठाऊक होतं?"

"आकडे ठाऊक होते."

"म्हणजे ठाऊक होतं."

"मला वाटलं, दूधभाकरीवर खाऊ म्हणून…"

"तसं चिठ्ठीत लिहायचं होतंस," ती म्हणाली आणि लुगड्याच्या पदरात पोर गुंडाळून उठली. वच्छलाबाई दारापर्यंत बडबडत आल्या. कुंदाबाईने मागे वळून पाहिले नाही.

धुळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली. सुंदरी तिच्या मांडीवर निपचित पडली होती. पोर रडली असती तर लीलाधरला धीर आला असता.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. "अशी रोज येतात सध्या," ते म्हणाले. "आठ दिवस तरी काही सांगता येणार नाही." परिचारिकेने साय काढलेले, पाणी घातलेले दूध वाटीत आणून दिले. एकदम नको, चमच्याने, थेंबाथेंबाने. पहिला चमचा ओठांवरून ओघळला. दुसराही. तिसऱ्याला घशात किंचित हालचाल झाली. की लीलाधरला तसे भासले? त्याने बहिणीकडे पाहिले. ती चमच्याकडेच पाहत होती.

"डबा घरी राहिला," ती अचानक म्हणाली.

"राहू दे."

"राहणार नाही. सासूबाईंना तुझं काही पटलेलं नाही. शेजारच्या हिलालची म्हैसही परवा विकली. त्याची बायको काल बिस्किटं मागत होती पोरीसाठी; सासूबाई देऊन टाकतील." तिने चमचा पुन्हा भरला.  "वेष्टण मीच वाचून दाखवलं तिला."

लीलाधर उठला. "मी जाऊन आणतो," तो म्हणाला.

शिंदखेड्याची संध्याकाळची गाडी सुटता सुटता त्याला मिळाली. उभ्यानेच तो जुळवू लागला: हिलालला काय सांगायचे, वच्छलाबाईंच्या हातून डबा कसा घ्यायचा, उद्या शेठपुढे कसे उभे राहायचे. पहिलेच वाक्य जुळत नव्हते. नरडाण्याच्या थांब्यावर गाडी थांबली. बाहेर टपरी होती, टपरीवर कंदील पेटला होता. तिथे आपल्या कारखान्याचे पुडे टांगले आहेत का, ते पाहण्याची त्याची छाती झाली नाही. त्याने दांडा घट्ट धरला आणि गाडी हलेपर्यंत डोळे मिटून घेतले.