बटाट्याचं चित्र पहिलं

माझी भाची ज्या दुकानात कामाला होती, तिथे एके काळी दहा गल्ले होते आणि प्रत्येक गल्ल्यावर एक बाई. भाची तिसऱ्या गल्ल्यावर बसायची म्हणून तिचं नावच ‘तिसरी’ पडलं. बसायची म्हणजे म्हणायला, असायची उभीच. तिच्या पायांच्या शिरा अशा फुगल्या होत्या की रस्त्यात टेलिफोनवाल्याने थांबून विचारलं, ही लाइन कुणाकडे जाते. ती म्हणते, मामा, तो पोस्टमन होता आणि पत्ता विचारत होता. असेल. पण बघत पायांकडेच होता.

तर एके सकाळी गल्ले उखडले आणि त्यांच्या जागी मशीनं आली. गिऱ्हाइकाने आपला माल आपणच मशीनला दाखवायचा, आपणच पैसे भरायचे, आपणच पिशवी भरायची. मॅनेजरने सगळ्या बायकांना गोदामात उभं करून हे कसं परवडतं ते समजावलं. मशीनला सर्दी होत नाही. मशीन रजा मागत नाही. मशीनच्या पोराची शाळेतून तक्रार येत नाही.

पाचव्या गल्ल्यावरची बडबडी म्हणाली, “साहेब, मशीन साबणही विकत घेत नाही. आमचा निम्मा पगार याच दुकानात जायचा.”

साहेब म्हणाले, “त्याचा विचार वर केलेला असेल.”

नऊ जणी गेल्या. तिसरी राहिली, कारण मशीन अडलं की त्याच्या डोक्यावर लाल दिवा लागतो आणि कुणीतरी जाऊन त्याला कार्ड लावून सोडवावं लागतं. “सहा महिने बघू,” मॅनेजर तिला म्हणाला. “मशीनं रुळली तर तुम्हालाही मोकळं करू. नाही रुळली तर गल्ले परत.”

आमच्या घरात खाणारी तोंडं तीन: ती, अंथरुणाला खिळलेली तिची आई म्हणजे माझी बहीण, आणि मी. मी खातो कमी, बोलतो जास्त, पण बोलण्यावर घर चालत नाही. कमावती ती एकटी. तेव्हा मशीनं रुळू नयेत एवढंच आमचं मागणं होतं.

आता या मशीनची एक गंमत ऐका. डब्यावर, पुड्यावर काळ्या रेघा असतात, त्या मशीनला वाचता येतात. सुट्या भाजीला, फळाला रेघा कुठून असणार? तिथे पडद्यावरच्या चित्राला बोट लावायचं. पहिल्याच पानावर, सगळ्यात मोठं चित्र बटाट्याचं. सफरचंद चौथ्या पानावर. द्राक्षं कुठे होती ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी येणारं गिऱ्हाईक दिवसभर राबून, पाय ओढत आलेलं.

“ताई, सफरचंद कुठंय हो यात?”

“चौथ्या पानावर.”

“आणि बटाटा?”

“हा काय समोर.”

“मग बटाटाच म्हणतो मी याला. मागे रांग बघा केवढी.”

चोरी म्हणाल तर सुरुवातीला चोरीसुद्धा नव्हती. नुसता कंटाळा. बटाटा स्वस्तही पडतो, हे लोकांच्या मागाहून लक्षात आलं. मग मात्र कुणाला कंटाळा राहिला नाही. तिसरीला तर सक्त ताकीदच होती, गिऱ्हाइकाला टोकायचं नाही. टोकलं की रांग थांबते, आणि रांग थांबली की मशीन नापास.

एकदा घरी येऊन, चपला न काढताच ती खाटेच्या कडेला बसली. “मामा, आज एकाने कलिंगड बटाटा म्हणून नेलं.”

“आणि मशीन गप्प?”

“नाही, विचारलं त्याने. वजन जास्त वाटतंय, खात्री आहे का? तो म्हणाला, आहे.”

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, “नेऊ देत. बुडू दे एकदाचं दुकान. आपोआप परत बोलावतील गल्ल्यावर.” आणि मग लाल दिवा लागला की तीही मशीन सोडवायची, बटाट्यावर बोट ठेवायची आणि पुढच्या दिव्याकडे जायची. उभं राहून राहून माणसाचं बोटसुद्धा थकतं. चौथ्या पानापर्यंत कोण जातं?

पण हेड ऑफिसातल्या कंप्युटरला थकवा माहीत नाही. त्याने पाहिलं की या गावात बटाटा धो धो विकला जातोय आणि सफरचंदाला कुत्रं विचारत नाही. सफरचंदाची फळी रिकामी पडली होती, पण त्याच्या लेखी काठोकाठ भरलेली. त्याने सफरचंद बंद केलं. मग द्राक्षं, मग टोमॅटो, मग वांगी. आणि बटाट्याचे ट्रक पाठवले.

ट्रकामागून ट्रक. गोदाम भरलं, जिना भरला, मॅनेजरच्या खोलीत पोती लागली आणि साहेब पोत्यावर बसून पोत्यावरच सह्या करू लागले. दिव्यांच्या उबेने बटाट्यांना मोड फुटले. एक मोड छतातल्या हवेच्या भोकातून वर गेला आणि गच्चीवर त्याला पानं आली. तिसरी म्हणते, पानं आली नव्हती. गच्चीवर कोण चढलं होतं, ती का मी? मीही नव्हतो, पण मला वर बघायची सवय आहे.

सहा महिने संपले आणि परीक्षा घ्यायला हेड ऑफिसातून दोघं आले. त्या दिवशी दुकानात बटाट्याखेरीज सुटा माल उरलाच नव्हता. लोक आले, निमूटपणे बटाटे घेतले आणि बटाट्याच्या चित्राला बोट लावलं. दोघांनी दिवसभर प्रत्येक पिशवी तपासली. बटाटा म्हणून बटाटाच. एक चूक नाही.

“असं चोख काम माणसाच्या हातून होत नाही,” ते म्हणाले आणि गेले.

मॅनेजरने तिसरीला बोलावलं. ती पोत्यांमधून वाट काढत आत गेली.

“साहेब, सफरचंदं विकली जात होती. बटाट्याच्या नावाने.”

“माहीत आहे मला,” मॅनेजर म्हणाला. त्याच्याही डोळ्यांखाली सूज आली होती. “वर सांगितलं तर वरचे विचारतील, तुम्ही दोघं काय करत होता. काय सांगू?”

तिने पोत्यातून बाहेर आलेला एक मोड खुडला.

“कार्ड देऊन टाका. मागे गोदामात काम आहे, सडके बटाटे वेचायचं. रोजावर.”

“वेचायलाही मशीन असतं ना, साहेब?”

“असतं. पण ते परवडत नाही,” मॅनेजर म्हणाला. “तुम्ही परवडता.”

टोमणा नव्हता त्यात. ट्रकचं भाडं सांगावं तसं त्याने सांगितलं, आणि तिनेही मान हलवून ऐकलं. निदान आता बसून काम, असं ती घरी आल्यावर म्हणाली.

पुढे एकदा पोती हलवताना खाली दबलेली सफरचंदांची पेटी निघाली. विसरलेली, सुरकुतलेली. तिने त्यातली दोन चांगली वेचली, आईसाठी. तशीच नेली असती तर कोण विचारणार होतं? पण बाई रीतसर मशीनपाशी गेली, रांगेत उभी राहिली, पान उलटत उलटत चौथ्या पानावर पोचली आणि सफरचंदावर बोट ठेवलं.

मशीन म्हणालं, हा माल या दुकानात मिळत नाही. कर्मचारी येत आहे. कृपया थांबा.

लाल दिवा लागला. तिसरी थांबली. सवयीने तिचा हात गळ्यातल्या कार्डाकडे गेला, तिथे काही नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. पिशव्या घेतलेले लोक होते, मशीनं होती, आणखी दोन दिवे लागलेले होते.

“अहो ताई, बटाटा दाबा ना,” मागचा माणूस म्हणाला. “कुणी येत नसतं.”

तिने दाबला. दिवा विझला.

घरी मी सफरचंद चिरून बहिणीला एक फोड भरवली. तिने बराच वेळ चावली.

“जरा पिठूळ लागतंय गं,” ती म्हणाली.

“खा आता,” तिसरी म्हणाली आणि पाय धुवायला गेली.